सोडल्याची पार्टी

थंडी पडली की अकोल्याची दुपार जरा माणसात येते. एरवी इथलं ऊन असं की दिवस मावळला तरी भिंतीला पाठ टेकवत नाही. नवी तूर बाजारात यायला अजून वेळ असतो, त्यामुळे आमच्या दालमिलच्या ऑफिसातही हे दिवस सैल जातात. एकदा आवक सुरू झाली की ट्रक, काटा, पावत्या आणि हमालांचा गलका यांतून मान वर निघत नाही. म्हणून सगळ्यांचे वाढदिवस आम्ही आताच उरकून घेतो, मग ते जूनमधले का असेनात. गेल्या रविवारी तसेच सगळे मिळून जेवायला गेलो होतो.

शेजारी दोन टेबलं जोडून दहा-बारा पोरंपोरी बसली होती. खुर्च्यांना सॅका अडकवलेल्या, पोरींच्या गळ्यात तोंडाला गुंडाळायचे स्कार्फ, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत ती एक प्रकारची वाचून वाचून आलेली कोरड. मी लगेच ओळखलं, स्पर्धा परीक्षेवाली पोरं. केक आला. मधल्या पोराच्या तोंडाला अर्धा केक फासून झाला, "साहेब, साहेब" असा ओरडा झाला, फोटो झाले. मग कडेला बसलेल्या एका पोरीकडे वळून कुणीतरी म्हणालं, "अन् तुही पार्टी कधी वं?"

ती हसली. छान हसली. मला मात्र एकदम अंगातलं बळ गेल्यासारखं झालं. आमचं जेवण अजून यायचं होतं, आणि मला घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटत होतं.

मी सहा वर्षं अमरावतीत होते. तिवशाकडच्या एका गावातून आले होते. बाबा ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर. पहाटे वॉल्व्ह उघडायचा, गावाला पाणी सोडायचं, वेळेवर बंद करायचं. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. विहारात माझा सत्कार झाला होता, तेव्हाच कुणीतरी माईकवर म्हणून टाकलं होतं की संघमित्रा आता मोठी साहेब होऊनच गावात येईल. टाळ्या वाजल्या. असं कुणी आपल्या वतीनं टाळ्या घेऊन ठेवल्या की पुढं फार जड जातं.

विद्यापीठाच्या रस्त्याला आमची खोली होती. आम्ही तिघी. मोर्शीकडची वैशाली, तिच्या घरी संत्र्याचा बगीचा, अकोल्याची रुबिना, आणि मी. रुबिना दोन वर्षांतच लग्न होऊन अकोल्याला परत गेली. तिची कॉट रिकामी राहिली, तिच्यावर आम्ही पुस्तकं ठेवायला लागलो. वैशाली आणि मी मात्र एकमेकींच्या सवयीत इतक्या मुरलो की तिच्या खोकल्यावरून तिला कोणत्या विषयाचा कंटाळा आलाय ते मला कळायचं.

अमरावतीचा हिवाळा मला अजून नाकानं आठवतो. सकाळी अभ्यासिकेकडे निघालं की रस्त्यावर कुणीतरी टायर नाहीतर पालापाचोळा पेटवून शेकत बसलेलं असायचं. पुढं पोह्यांच्या गाडीवर तर्रीचा तवंग, त्याच्यापुढं दुधाच्या कढया. स्कूटीवरून जाणाऱ्या पोरींचे फक्त डोळे दिसायचे. अभ्यासिकेत शिरलं की स्वेटरांचा, जुन्या कागदांचा आणि कुणीतरी चोरून सोललेल्या संत्र्याचा वास. संत्रं बहुतेक वेळा वैशालीचंच असायचं. तिचे वडील एसटीनं पिशवी पाठवत आणि आम्ही ती सगळ्या टेबलांवरून फिरवत असू.

अभ्यास करणाऱ्यांचं शहर म्हणजे पार्टीचं शहर, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. आमच्यात नियमच होता. पोस्ट निघाली की पार्टी. लिपिक झालेला अभ्यासिकेच्या दारात समोसे आणि चहा द्यायचा. तलाठी झालेल्यानं ढाब्यावर शेवभाजी खाऊ घालायची. फौजदार झाला तर बडनेरा रोडवरचं गार्डन रेस्टॉरंट, झाडांना गुंडाळलेल्या लाइटच्या माळा, काजूकरी आणि वेटरसोबत सेल्फी. एका पोरानं शेतात रोडग्यांची पार्टी दिली होती. गोवऱ्यांत भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, आणि तुरीच्या ओळींमधून वाजणारा कुणाचा तरी मोबाईल. त्या दिवशी मी पोटभर जेवले होते आणि मनापासून खुश होते. सुरुवातीची तीनेक वर्षं असंच होतं. दुसऱ्याची पार्टी म्हणजे आपल्या पार्टीची रंगीत तालीमच, असं वाटायचं.

मग तो हिवाळा आला. आधी परीक्षा लांबत गेल्या होत्या आणि अडकलेले निकाल एकामागून एक सुटायला लागले. आठवड्याला पार्टी, कधी आठवड्यात दोन. आमच्या अभ्यासिकेची टेबलं भराभर रिकामी व्हायला लागली. मी एकाच ड्रेसवर वेगवेगळ्या ओढण्या घेऊन जेवायला जात होते. मी फार चांगली पाहुणी झाले होते. कुणी भाषण करायला उठलं की कुठे टाळी वाजवायची, कुठे डोळे पुसल्यासारखं करायचं, सगळं जमायचं. आणि प्रत्येक पार्टीत, आइस्क्रीम यायच्या सुमारास, तो प्रश्न. संघमित्राचं सगळ्यांनी मित्रा केलं होतं. "मित्रा, तुही पार्टी कधी?"

विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. आपलं पोट भरलं की माणसाला दुसऱ्याचंही भरावंसं वाटतं. मी म्हणायची, "देऊ ना, घाई काय हाय." मग खोलीवर येऊन चप्पल काढून तशीच कॉटवर बसून राहायची. वैशाली विचारायची, "काय झालं वं?" मी म्हणायची, "पनीर जड झालं."

त्याच हिवाळ्यात वैशालीची पोस्ट निघाली. नायब तहसीलदार. तिनं यादीत नाव पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग घरी फोन लावला. माझं नाव त्या यादीत नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं, पण थोडक्यात हुकणं हे आमच्याकडे कुणी मोजत नाही.

तिच्या गावी मिरवणूक निघाली. उघडी जीप, फुलं, डीजे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया. वैशालीनं मला ओढून जीपमध्ये आपल्या शेजारी बसवलं. मी नको नको म्हणत होते. गावातल्या एका म्हातारीनं आधी तिला ओवाळलं आणि मग मलाही. कुंकू लावताना म्हणाली, "तुमी बी सायबीन झाल्या का माय?" वैशाली चटकन म्हणाली, "होनार हाय ना, पुढच्या साली." म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. डीजे छातीत दणदणत होता. रात्रीच्या जागरणानं माझे डोळे चुरचुरत होते, आणि मला एवढंच वाटत होतं की हे सगळं बंद व्हावं आणि कुठेतरी शांत जागा मिळावी. हेवा वाटला का, असं पुढं रुबिनानं विचारलं होतं. खरं सांगायचं तर हेव्यालाही थोडी ताकद लागते. माझ्याकडे तेवढी उरली नव्हती.

त्यानंतर कधीतरी, थंडी ओसरायला लागली होती तेव्हा, वैशाली ट्रेनिंगला जायच्या आधी खोलीवरचं सामान न्यायला आली. आम्ही गिला वडा खायला गेलो. दह्यात भिजलेला, वर तिखट आणि गोड चटणी. अमरावतीत आल्यावर आम्ही दोघींनी पहिल्यांदा बाहेर खाल्लेली गोष्ट ती. गाडीच्या बाजूला प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलो. ती पुढच्या जाहिरातीविषयी बोलत होती, कोणतं पुस्तक बदल, कोणता पेपर आधी सोडव. मी म्हणाले, "वैशू, मी सोडून राहिली."

"काय?"

"हे. अभ्यास. रूम बी."

तिनं चमचा खाली ठेवला. "काहून? एवढ्या जवळ येऊन?"

"थकली मी."

"थकतेत तं सगळेच. मी नोती थकली काय?"

"तू थकली होती. तुले झोपलं की बरं वाटे. मले आता झोपूनबी बरं नाई वाटत."

तिच्या प्लेटमधलं दही पातळ होत चाललं होतं. शेवटी म्हणाली, "एक अटेम्प्ट दे. फक्त एक. माह्यासाठी." मी मान हलवली. मग माझ्या तोंडून आपोआपच निघून गेलं, "अन् ऐक, मी पार्टी देऊन राहिली. सगळ्यायले."

"कायची पार्टी?"

"सोडल्याची."

ती उठली आणि हात धुवायला गेली. परत येऊन पिशवी उचलली. मला बसस्टँडपर्यंत यायला मना केलं आणि एकटीच ऑटोत बसली.

मी असं काही ठरवून म्हटलं नव्हतं. पण बोलून गेल्यावर ते मला पटलं. इतक्या वर्षांत इतक्या जणांचं खाल्लं होतं. सगळ्यांना एकदा जेवू घालावं आणि उठावं, एवढंच मनात होतं. पळून जाणारे आम्ही पाहिले होते. एखाद्याचं टेबल एका सकाळी रिकामं दिसायचं, फोन बंद, गाद्या-पुस्तकं गायब. मला तसं जायचं नव्हतं.

बाबांना फोन करणं सगळ्यात अवघड गेलं. दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून देत होते. शेवटी दुपारी केला, तेव्हा ते पाण्याच्या टाकीजवळ असावेत, मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"बाबा, मी सोडून राहिली परीक्षा."

पाण्याचा आवाज. मग, "बरं."

"रविवारी सगळ्यायले जेवाले देतो अन् सोमवारी घरी येतो."

"बरं. मी येतो घ्याले."

एवढंच. त्या 'बरं'मध्ये राग होता, दुःख होतं की नुसतंच 'बरं' होतं, ते मला समजलं नाही. पुढचे चार दिवस मी तो एक शब्द घेऊन फिरत होते.

रविवारी सकाळी राजापेठेतल्या बेकरीत केक घ्यायला गेले. काउंटरवरच्या माणसानं क्रीमची पिशवी हातात धरून विचारलं, "नाव काय लिहू ताई? हॅपी बर्थडे की अभिनंदन?" मी बराच वेळ उभी राहिले. मागे माणसं थांबली होती. म्हणाले, "काहीच नका लिहू." त्यानं चमकून पाहिलं आणि नुसत्या क्रीमच्या फुलांची कड काढून दिली.

जागा साधीच निवडली होती, अभ्यासिकेपासून चालत जाता येईल अशी. वर पंखे, खाली लाल खुर्च्या, जेवण मात्र चांगलं. पंधरा जणांना सांगितलं होतं. सहाजण आले. बाकीच्यांना कामं निघाली. ते मला कळत होतं. तयारी करणाऱ्या पोरांना सोडणाऱ्याची सावली नको वाटते; परीक्षेच्या तोंडावर तर नकोच नको.

रुबिना अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आली होती. लेक कडेवर, हातात शीरखुर्म्याचा डबा. आल्या आल्या तिनं मला जवळ घेतलं आणि केकचं झाकण उघडून म्हणाली, "अगं, ये क्या, बिना नाव का केक?" मी म्हटलं, "काय लिहायचं ते सुचलं नाही." तिनं लेकीचं बोट क्रीममध्ये बुडवलं आणि चाटवलं. विषय संपला.

प्रशांतदादा आला होता. तो आमच्यात सगळ्यात जुना, मी आले तेव्हाही तो 'यंदा होईलच' असाच होता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. केक कापताना टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणालाच कळेना. सुरी आत गेली आणि सगळे नुसते बघत राहिले. मग दादानंच पहिली टाळी वाजवली, एकट्यानं, बराच वेळ. बाकीच्यांनी मग साथ दिली.

वाढणं सुरू झालं तेव्हा दारातून वैशाली आली. मी ती येईल असं धरलं नव्हतं. ती माझ्याजवळ न येता टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. ताट समोर आलं तशी मोठ्यानं म्हणाली, "हारल्याची पार्टी असते काय कोनाची? लोक हसतीन ना."

सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं होतं की असं कुणी म्हणालं तर मला रडू येईल. आलं नाही. मी म्हणाले, "हसू दे. पन जेव तू. भाजी गरम हाय."

"तुले काईच नाई वाटून राहिलं?"

"वाटून राहिलं. भूक लागल्यासारखं वाटून राहिलं."

रुबिना आधी हसली, मग दादा, मग सगळेच. वैशाली हसली नाही, पण जेवली. आम्ही सगळेच खूप जेवलो. किती दिवसांनी मला चव कळत होती. वरणाला लसणाची फोडणी होती, भाताची शितं मोकळी होती, लिंबाच्या फोडी ताज्या होत्या. त्या पार्टीत कुणी भाषण केलं नाही. कुणी कुणाला पुढचं काही विचारलं नाही. अशी ती बहुधा आमची एकुलती एक पार्टी.

आइस्क्रीम खाताना प्रशांतदादा माझ्या शेजारच्या खुर्चीवर सरकला. हळूच विचारलं, "सोडल्यावर कसं वाटते बे?"

"अजून मालूम नाई दादा. चारच दिवस झाले."

"मालूम झालं की सांगशीन." तो कपातलं वितळलेलं आइस्क्रीम बराच वेळ ढवळत बसला. "लय चांगलं जेवन होतं," म्हणाला, आणि उठून पुन्हा अभ्यासिकेत गेला. रविवारीही ती उघडी असायची.

हात धुवायच्या जागी वैशाली भेटली. नळ सुरू, आणि ती आरशात न बघता उभी. म्हणाली, "मी पास झाली अन् तू नाई, याच्यात माहा काय गुन्हा हाय?"

"काईच नाई वं."

"मंग आता तुह्याशी बोलताना मले असं काहून होऊन राहिलं?"

मी नळ बंद केला. तिच्या ओढणीचं टोक ओलं झालं होतं, ते पिळलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तिचं वजन पेलताना माझे पाय दुखत होते, तेही आठवतं.

आमची मैत्री तुटली नाही. पण ती पहिल्यासारखीही राहिली नाही. ती आता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. वाढदिवसाला फोन येतो, दिवाळीला येतो. ती मोठी झाली आहे आणि फार राबते. तिच्याही आवाजात आता थकवा ऐकू येतो. कधी कधी आम्ही दोघी फोनवर काही न बोलता नुसत्या बसतो. "ठेवू?" "ठेव." मला अकोल्यात ही नोकरी रुबिनाच्या नवऱ्यानं सांगून मिळवून दिली, आणि मी तिच्याच गल्लीत खोली घेऊन राहते. प्रशांतदादाचं काय झालं ते मला नीट माहीत नाही. त्याला सांगायचं राहूनच गेलं. सांगायला बसले असते तरी काय सांगितलं असतं? की थकवा सोडल्याबरोबर जात नाही. तो भाडेकरूसारखा हळूहळू एकेक सामान नेतो, आणि काही सामान मागे ठेवून जातो. सकाळी जाग आली की अजूनही क्षणभर छातीत धस्स होतं, आज काय वाचायचं राहिलं म्हणून. मग काट्याच्या पावत्या आठवतात आणि बरं वाटतं.

त्या पार्टीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बाबा आले. गावातल्या एकाचा मालवाहू ऑटो घेऊन. पांढरा शर्ट इस्त्रीचा होता, कार्यक्रमाला घालतात तो. खोलीत येऊन त्यांनी भिंतीवरचा नकाशा पाहिला, वेळापत्रक पाहिलं. पुस्तकांची पोती स्वतः बांधली. सामान चढवून झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मला वाटलं आता निघू. ते म्हणाले, "तू कुठी जेवे थे दाखव."

मी म्हणाले, "चांगल्या हॉटेलात जाऊ ना बाबा."

"नाई. तू जेवे तिथं."

मी त्यांना खानावळीत नेलं. सहा वर्षं दोन वेळा मी जिथं जेवले ती जागा त्यांनी कधी पाहिली नव्हती. स्टीलची दोन ताटं आली. तीन पोळ्या, बटाट्याचा रस्सा, भात, वरण. त्यांनी रश्शात बोट बुडवून पाहिलं, बटाट्याच्या दोन फोडी होत्या त्या चमच्यानं वर काढून पाहिल्या. मग शांतपणे सगळं ताट संपवलं, माणूस विहारात बसून जेवतो तसं, मान खाली घालून.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "सहा साल हेच?"

"हो."

"मंग थकनारच ना मानूस."

त्यांनी माझ्या ताटातली उरलेली अर्धी पोळी उचलली, तीही खाल्ली, आणि उठले.

ऑटोत पुढं एकाचीच जागा होती. बाबा मला बसवत होते, पण मी मागे गादीवर बसले, पुस्तकांच्या पोत्यांना पाठ लावून. हायवेला लागलो. कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, तूर सोंगून ठेवली होती, वाऱ्यात धूळ आणि वाळलेल्या शेंगांचा वास. तिवसा गेलं, आम्ही आत वळलो. गाव जवळ आलं. चौकात पानटपरीजवळ नेहमीची माणसं बसलेली असणार, ते मला माहीत होतं. ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून घेतली.

माणसं होतीच. कुणीतरी उठून ऑटोला हात केला. ड्रायव्हरनं वेग कमी केला. मला त्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं, आवाज ऐकू आला. "काहो, लागली काय पोरगी? साहेब झाली काय?"

बाबांनी ड्रायव्हरला ऑटो थांबवायला लावला. मला वाटलं होतं ते म्हणतील, चाल चाल, पुढं घे. ते खिडकीतून बाहेर वाकले आणि चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "घरी आली."